लोपचिन्ह आणि अनेकांची मालकी : इंग्रजीतील अनेकवचनी षष्ठीचा इतिहास

१

इंग्लंड, ऑक्सफर्ड आणि कॅन्टरबरी या तीन स्थलनामांत एक व्याकरणिक साम्य आहे, आणि ते सहसा ध्यानात येत नाही. तिन्ही नावे मुळात अनेकवचनी षष्ठीची रूपे आहेत. ‘एंग्लालंड’ म्हणजे अँगल लोकांची भूमी, ‘ऑक्सनाफोर्ड’ म्हणजे बैलांचा नदीउतार आणि ‘कांतवाराबुर्ह’ म्हणजे केंटवासीयांचे तटबंदीचे ठाणे. प्राचीन इंग्रजीत षष्ठीच्या अनेकवचनाला स्वतःचा प्रत्यय होता, तो या नावांत गोठून राहिला आणि पुढे झिजून गेला. आज ही नावे उच्चारताना कोणी कोणाच्या मालकीचा विचार करीत नाही, आणि त्यांत मालकीदर्शक चिन्ह नाही म्हणून कोणाचे अडतही नाही.

याच भाषेच्या आजच्या दैनंदिन व्यवहारात मात्र अनेकवचनी षष्ठी हा वादाचा विषय झाला आहे. रस्त्यांच्या पाट्या, दुकानांची नावे, दिनविशेष, रजेचे अर्ज, कायद्यांची शीर्षके अशा सर्व ठिकाणी अंत्य ‘एस’च्या डोक्याशी येणारा तो लहानसा स्वल्पविरामसदृश आकडा कधी ‘एस’पूर्वी, कधी ‘एस’नंतर पडतो, तर कधी मुळीच पडत नाही. इंग्रजीत त्याला ‘अपॉस्ट्रॉफी’ म्हणतात. प्रस्तुत लेखात त्याला ‘लोपचिन्ह’ म्हटले आहे. हे चिन्ह गळणे म्हणजे भाषेचा ऱ्हास होय, अशी तक्रार शिक्षक, संपादक व वृत्तपत्रांचे वाचक गेली कित्येक दशके करीत आले आहेत. ही तक्रार इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकते, आणि तिच्या मुळाशी असलेली ‘मालकी’ची कल्पना कोठून आली, हा येथील विवेचनाचा विषय आहे. त्यातून निघणारे काही प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकाला, विशेषतः इंग्रजीतून मराठीत संकल्पना आणणाऱ्या अभ्यासकाला, टाळता येण्यासारखे नाहीत.

२

प्राचीन इंग्रजी ही विभक्तिप्रधान भाषा होती. राजा या अर्थाच्या ‘क्युनिंग’ या शब्दाची रूपे पाहिली म्हणजे हे स्पष्ट होते. राजाचा या अर्थी ‘क्युनिंगेस’, अनेक राजे या अर्थी ‘क्युनिंगास’ आणि राजांचा या अर्थी ‘क्युनिंगा’. एकवचनी षष्ठी, अनेकवचनी प्रथमा आणि अनेकवचनी षष्ठी ही तीन रूपे कानाला वेगळी ऐकू येत. नामांच्या दुसऱ्या एका वर्गात अनेकवचनी षष्ठीचा प्रत्यय ‘एना’ असा होता. ऑक्सफर्डच्या जुन्या नावातील ‘ऑक्सना’ हे त्याच वर्गातले रूप होय. सारांश, त्या काळी अनेकवचनी षष्ठी ही ध्वनीत वसत होती. तिला लेखनातील वेगळ्या खुणेची गरज नव्हती.

ही व्यवस्था मोडण्याची कारणे भाषेतिहासकारांनी तपशिलाने सांगितली आहेत. शब्दाच्या आद्य अवयवावर बलाघात पडत असल्यामुळे अंत्य स्वर क्षीण होत गेले. उत्तरेकडील वसाहतकारांच्या भाषेशी आलेल्या दीर्घ संपर्काने प्रत्ययांतील भेद आणखी पुसट झाले. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर प्रमाण लेखनपरंपरेचा आधार सुटला, आणि बोलीत आधीच होऊन गेलेला बदल लेखनात उमटू लागला. पीटरबरो येथील बखरीत ११५४ पर्यंतच्या नोंदी आहेत. तिच्या अखेरच्या भागात ही पडझड स्पष्ट दिसते. ‘आस’ आणि ‘एस’ यांतील स्वरभेद नाहीसा झाला. ‘आ’ व ‘एना’ हे प्रत्यय काही काळ तग धरून राहिले, आणि मग सर्वत्र पसरलेल्या ‘एस’ने त्यांचीही जागा घेतली.

परिणाम असा झाला की राजाचा, राजे आणि राजांचा या तिन्ही अर्थांसाठी एकच रूप उरले. सर्व नामांच्या बाबतीत हे घडले नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. ज्या नामांचे अनेकवचन ‘एस’विना होते, त्यांची अनेकवचनी षष्ठी आजही कानाला कळते. ‘मेन’ आणि ‘चिल्ड्रेन’ ही अशी नामे. ‘मेन्स’ व ‘चिल्ड्रेन्स’ ही रूपे ऐकणाऱ्याला वचनाविषयी शंका पडत नाही. ‘वाइफ’सारख्या शब्दात व्यंजनबदल मदतीला येतो, त्यामुळे एका पत्नीचे ‘वाइफ्स’ आणि अनेकींचे ‘वाइव्ह्ज’ हा भेद उच्चारातच होतो. पण अशी नामे थोडी. ‘बॉय’, ‘टीचर’, ‘फार्मर’, ‘रीडर’ अशा असंख्य नामांत मुलाचा, मुलगे आणि मुलांचा हे तिन्ही अर्थ एकाच ध्वनिरूपात सामावतात. या नामांपुरते बोलायचे, तर इंग्रजीच्या बोलीतील अनेकवचनी षष्ठी सुमारे सहाशे वर्षांपूर्वीच संपली, असे म्हणण्यास हरकत नाही.

भाषेने या हानीची भरपाई आपल्या पद्धतीने केली. ‘ऑफ’ या शब्दयोगी शब्दाचा विस्तार ही त्या भरपाईतली मुख्य गोष्ट. त्याचबरोबर षष्ठीचा ‘एस’ हा शब्दाचा प्रत्यय न राहता पदसमूहाच्या अखेरीस चिकटणारा अंश बनला. चॉसरच्या काळी ‘बाथगावच्या बाईची’ असे म्हणताना षष्ठीचा प्रत्यय ‘बाई’ला लागे आणि गावाचे नाव मागाहून येई, पुढे तो प्रत्यय सरळ गावाच्या नावाला लागू लागला. ऑटो येस्पर्सनने १८९४ मध्ये या समूहषष्ठीच्या इतिहासाचा सविस्तर विचार केला. येथे एवढेच नोंदवावयाचे आहे की, ही सोय एकवचनात जितकी सहज चालते तितकी अनेकवचनात चालत नाही. स्पेनच्या राजाचा हे समूहषष्ठीने सांगता येते. स्पेनच्या राजांचा असे सांगायचे झाले की इंग्रजी भाषक बहुधा ‘ऑफ’कडे वळतो. अनेकवचनी षष्ठीशी इंग्रजी जिभेचे सख्य पूर्वीच तुटले होते, याचा हा आणखी एक पुरावा.

३

लेखनात मात्र हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. सोळाव्या व सतराव्या शतकांत षष्ठीच्या ‘एस’विषयी एक चमत्कारिक समजूत रूढ होती. हा ‘एस’ म्हणजे ‘हिज’ या सर्वनामाचा संक्षेप, असे अनेक सुशिक्षितांना वाटे. त्यामुळे नामापुढे ‘हिज’ लिहिण्याची पद्धत पडली. बेन जॉन्सनच्या १६०५ मध्ये छापलेल्या ‘सेजेनस हिज फॉल’ या नाटकाचे नावच तसे आहे. त्याच जॉन्सनच्या व्याकरणात, जे त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये प्रसिद्ध झाले, या प्रयोगाचा कडक शब्दांत धिक्कार केलेला आढळतो. तरीही समजूत टिकली. १७११ मध्ये जोसेफ ॲडिसनने ‘स्पेक्टेटर’च्या १३५ व्या अंकात इंग्रजीतील संक्षेपांची चर्चा करताना तिचाच आधार घेतला.

ही समजूत कोठे अडखळत होती? स्त्रीलिंगी नामापाशी, आणि त्याहूनही अधिक अनेकवचनापाशी. स्त्रियांचे, मुलांचे, माणसांचे असे म्हणताना ‘हिज’ कोठून आणावा? काहींनी स्त्रीलिंगी नामापुढे ‘हर’ आणि अनेकवचनापुढे ‘देअर’ लिहून पाहिले; पण ‘एस’ हा त्या शब्दांचा संक्षेप कसा, याचे उत्तर मिळण्यासारखे नव्हते. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या कोशास जोडलेल्या व्याकरणात नेमक्या याच कारणासाठी सर्वनामाची उपपत्ती नाकारली आणि ‘एस’चे मूळ प्राचीन षष्ठीत दाखविले. त्यापूर्वी शंभर वर्षे, १६५३ मध्ये, जॉन वॉलिसने आपल्या लॅटिन भाषेतील इंग्रजी व्याकरणात अशा रूपांना विभक्तीची रूपे न मानता विशेषणे मानले होते. मराठी व्याकरणाच्या अभ्यासकाला ही भूमिका परकी वाटणार नाही. आपल्याकडेही षष्ठीला कारकांत स्थान नाही, आणि ‘चा-ची-चे’ युक्त रूपे पुढील नामाच्या लिंगवचनाप्रमाणे विशेषणासारखी बदलतात, हे सर्वपरिचित आहे.

लोपचिन्हाचा इतिहास याला समांतर चालतो. हे चिन्ह मूळचे षष्ठीचे नव्हेच. फ्रेंच मुद्रक जॉफ्रुआ तोरी याने १५२९ च्या आपल्या ग्रंथात त्याचा पुरस्कार केला तो स्वरलोप दाखविण्यासाठी. सोळाव्या शतकात ते इंग्रजी मुद्रणात आले तेही गाळलेल्या अक्षराची खूण म्हणूनच. एकवचनी षष्ठीत पूर्वीच्या ‘एस’मधला स्वर गळला होता, किंवा सार्वत्रिक समजुतीप्रमाणे ‘हिज’मधली अक्षरे गळली होती. दोन्ही दृष्टींनी तेथे काही ना काही लोप पावले आहे असे म्हणता येत होते. म्हणून सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात एकवचनी षष्ठीपाशी हे चिन्ह हळूहळू रुजले. त्याच सुमारास परभाषेतून आलेल्या स्वरान्त नामांच्या साध्या अनेकवचनातही ते बिनदिक्कत वापरले जात असे. आज भाजीवाल्याच्या पाटीवरील चूक म्हणून ज्याची थट्टा होते, तो प्रयोग त्या काळी सुशिक्षितांच्या छापील ग्रंथांतही आढळतो.

अनेकवचनी षष्ठीत ‘एस’नंतर चिन्ह देण्याची रीत या सर्वांत शेवटची. ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागली, १७९५ च्या लिंडली मरे यांच्या व्याकरणासारख्या शालेय पुस्तकांतून तिला नियमाचे रूप आले, आणि एकोणिसाव्या शतकात ती स्थिरावली. एलिझाबेथ स्क्लार यांनी १९७६ मध्ये या चिन्हाच्या उदयास्ताचा आढावा घेतला, त्यातूनही हाच क्रम समोर येतो. या शेवटच्या टप्प्याचे वैशिष्ट्य असे की, येथे लोपचिन्हाला लोपाचा आधार ओढूनताणूनच द्यावा लागतो. अनेकवचनाचा ‘एस’ तर समोर उभा आहे. षष्ठीचा दुसरा ‘एस’ त्यात गिळला गेला, असे गृहीत धरले तरच त्या चिन्हाला काही अर्थ उरतो. पाणिनीने लोप म्हणजे अदर्शन असे म्हटले, आणि ‘काशिका’काराने अदर्शनाचा अर्थ न ऐकू येणे, न उच्चारले जाणे असा लावला. इंग्रजीतील अनेकवचनी षष्ठीत प्रत्यय ऐकू येत नाही आणि त्याच्या न ऐकू येण्याची खूण मात्र डोळ्यांना दिसते. हे चिन्ह मुद्रणालयाने व शाळेने डोळ्यांसाठी निर्माण केले. कानाला त्याची ओळख कधीच पटली नाही.

४

हा कालक्रम लक्षात घेतला म्हणजे वाङ्मयाच्या अभ्यासकापुढे एक अडचण उभी राहते. शेक्सपिअरच्या सुनीतांची १६०९ ची आवृत्ती किंवा १६२३ चा पहिला फोलिओ यांत षष्ठीरूपे बहुतांशी चिन्हाविना छापलेली आहेत. आपण वर्गात जी आवृत्ती वापरतो तीत मात्र प्रत्येक ठिकाणी चिन्ह असते, आणि ते ‘एस’पूर्वी की ‘एस’नंतर, याचा निर्णय संपादकाने केलेला असतो. एखाद्या ओळीतील नाम एकवचनी आहे की अनेकवचनी, दुःख एकाचे की अनेकांचे, हे मूळ पानावर उघडे असू शकते. संपादित पानावर ते बंद झालेले असते. ‘लव्ह्ज लेबर्स लॉस्ट’ या नाटकाचे उदाहरण घ्या. १५९८ च्या क्वार्टोच्या मुखपृष्ठावर नावात एकही लोपचिन्ह नाही. प्रेमाचे श्रम वाया गेले, की प्रेमाचे वाया गेलेले श्रम, असे दोन्ही अन्वय त्या मुखपृष्ठाला मान्य आहेत. पुढील मुद्रणांनी चिन्ह घालून पहिला अन्वय निश्चित केला.

१९२७ मध्ये लॉरा रायडिंग आणि रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी शेक्सपिअरच्या १२९ व्या सुनीताचे मूळ लेखन व विरामचिन्हे आणि आधुनिक संपादकांनी केलेले बदल यांची तुलना केली, आणि ‘शुद्धीकरणा’ने अर्थाचे पर्याय कसे कमी होतात ते दाखविले. विल्यम एम्पसनच्या १९३० च्या अनेकार्थताविषयक ग्रंथाला या विवेचनातून प्रेरणा मिळाली, हे सर्वश्रुत आहे. नव्या समीक्षेच्या एका महत्त्वाच्या संकल्पनेचा उगम असा विरामचिन्हांच्या तपासणीत आहे. लोपचिन्ह हे त्याच प्रकारचे, किंबहुना अधिक फसवे प्रकरण आहे. कारण स्वल्पविराम संपादकाने घातला असेल अशी शंका वाचकाला येते, षष्ठीचे चिन्ह मात्र शब्दाचाच भाग वाटते.

जेम्स जॉइसने १९३९ मध्ये हाच व्यवहार उलट दिशेने केला. फिनेगनविषयीच्या प्रसिद्ध गीताच्या नावात लोपचिन्ह होते; आपल्या कादंबरीच्या नावातून त्याने ते काढून टाकले. त्यामुळे ‘फिनेगन्स’ हे एकाचे षष्ठीरूप आहे की अनेक फिनेगन जागे होत आहेत, हा प्रश्न नावातच खुला राहिला. कानाला जे पूर्वीपासून संदिग्ध होते, ते डोळ्यांनाही संदिग्ध करून दाखवायचे, असा हा प्रयोग होय.

५

‘मालकी’चा मुद्दा येथे विचारात घ्यावा लागतो. इंग्रजी व्याकरणात या विभक्तीला ‘जेनिटिव्ह’ हे लॅटिन परंपरेतले नाव होते. १७६२ च्या आपल्या व्याकरणात रॉबर्ट लौथ यांनी त्याऐवजी ‘पझेसिव्ह’, म्हणजे स्वामित्वदर्शक, हे नाव अधिक योग्य ठरेल असे सुचविले. नाव बदलले की दृष्टीही बदलते. आपल्या परंपरेत षष्ठीचा अर्थ ‘शेष’ असा सांगितला आहे. इतर कारकांनी न व्यापलेला कोणताही संबंध तिने व्यक्त व्हावा, अशी ती व्यापक कल्पना आहे. वडिलांचा मुलगा, झाडाची सावली, दहा दिवसांची रजा, शेतकऱ्यांचा बाजार या सर्वांत षष्ठी आहे, स्वामित्व मात्र क्वचितच आहे. ‘पझेसिव्ह’ या नावाने इंग्रजी भाषकाच्या मनात षष्ठी आणि मालमत्ता यांची सांगड घातली, आणि विसाव्या शतकातले दैनंदिन वाद या सांगडीतूनच उद्भवले.

अमेरिकेतील दोन दिनविशेषांची उदाहरणे या दृष्टीने बोलकी आहेत. १९०८ पासून मातृदिनाचा प्रसार करणाऱ्या ॲना जार्व्हिस यांनी ‘मदर्स डे’ या नावात चिन्ह ‘एस’पूर्वीच हवे, असा आग्रह धरला. प्रत्येक कुटुंबाने आपापल्या आईचा गौरव करावा, जगातल्या तमाम मातांचा नव्हे, ही त्यामागची भूमिका. १९१२ मध्ये त्यांनी या नावासाठी संस्था नोंदविली, आणि १९१४ मध्ये अमेरिकन काँग्रेसने हा दिवस मान्य केला तोही त्याच एकवचनात. येथील एकवचन जातिवाचक नाही, व्यक्तिवाचक आहे; आणि चिन्हाची जागा बदलली असती तर त्या चळवळीचा आशयच बदलला असता. ‘व्हेटरन्स डे’ची गोष्ट याहून वेगळी. १९५४ मध्ये युद्धविराम दिनाला हे नाव मिळाले. माजी सैनिकांसाठी असलेल्या सरकारी खात्याच्या मते या नावात चिन्ह कोठेच नाही. कारण हा दिवस माजी सैनिकांच्या ‘मालकी’चा नाही, तो त्यांच्या गौरवाचा आहे. षष्ठी म्हणजे केवळ मालकी, हे येथे गृहीत धरले आहे. लौथ यांनी सुचविलेल्या नावाचा प्रभाव किती दूरवर पोचला, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण आहे.

स्थलनामांत हीच प्रक्रिया दिसते. अमेरिकेचे भौगोलिक नामविषयक मंडळ १८९० मध्ये स्थापन झाले तेव्हापासून ते स्थलनामांतील षष्ठीचिन्हाला विरोध करीत आले आहे. १९३३ मध्ये ‘मार्थाज व्हिनयर्ड’ला दिलेल्या सवलतीपासून त्याने मोजून पाच नावांना अपवाद केला. लंडनच्या भुयारी रेल्वेवर ‘अर्ल्स कोर्ट’ला चिन्ह आहे आणि शेजारच्याच ‘बॅरन्स कोर्ट’ला नाही. बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेने २००९ मध्ये रस्त्यांच्या पाट्यांवरून चिन्ह वगळण्याचे धोरण जाहीर केले. केंब्रिजमध्ये असाच निर्णय झाला, पण विरोधामुळे तो २०१४ मध्ये मागे घ्यावा लागला. २०२४ मध्ये उत्तर यॉर्कशायरने संगणकीय पत्तेनोंदींची अडचण पुढे करून पुन्हा तोच मार्ग धरला. वॉटरस्टोन्स या पुस्तकविक्रेत्यांनी २०१२ मध्ये आपल्या नावातील चिन्ह काढले. दुसरीकडे या चिन्हाच्या रक्षणासाठी २००१ मध्ये इंग्लंडात एक संस्था निघाली. २०१९ मध्ये संस्थापकाने ती बंद करीत असल्याचे जाहीर केले आणि पुढे इतरांनी ती चालवावयास घेतली.

या सर्व उदाहरणांत केवळ आळस किंवा अज्ञान पाहणे उथळपणाचे ठरेल. काही अज्ञान असेलही. परंतु बदलाला एक निश्चित दिशा आहे. षष्ठीचे रूप समासाचे पूर्वपद होत आहे. कोलकात्याची दोन नावे शेजारी ठेवून पाहावीत. कंपनीच्या कारकुनांसाठी १७७७ मध्ये उभारण्यास सुरुवात झालेल्या ‘रायटर्स बिल्डिंग’च्या नावात ‘एस’नंतर चिन्ह लिहिले जाते, १९५८ मध्ये पी. लाल यांनी स्थापन केलेल्या ‘रायटर्स वर्कशॉप’ या प्रकाशनसंस्थेच्या नावात ते नाही. पहिल्यात कारकुनांची इमारत आहे, दुसऱ्यात लेखक-कार्यशाळा आहे. संस्कृत व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर षष्ठी तत्पुरुषात पूर्वपदाच्या विभक्तीचा लोप होतो आणि त्याबरोबर वचनही विरघळते. ‘मातृदिन’ म्हणताना एक माता की अनेक, हे विचारावे लागत नाही. इंग्रजीत ‘एस’ मात्र मागे राहतो, म्हणून हा प्रकार आपल्या अलुक् समासाच्या जवळ जातो. इंग्रजीला हे नवे नाही. मंगळवार आणि गुरुवार यांची इंग्रजी नावे ही टिव आणि थॉर या देवांची षष्ठीरूपे होत. त्यांतला ‘एस’ टिकला आहे आणि तेथे चिन्ह घालावे असे कोणाला सुचत नाही. एंग्लालंडचे इंग्लंड झाले ते याच वाटेने.

अर्थात या निष्कर्षाला मर्यादा आहे. चिन्ह डोळ्यांसाठी निर्माण झाले म्हणून ते निरर्थक ठरत नाही. ज्या समाजात कायदा, करार आणि संहिता डोळ्यांनी वाचल्या जातात, तेथे डोळ्यांचा भेदही अर्थाचा भेद असतो. आपल्या देशातील कायद्याची इंग्रजी पाहावी. १९२३ च्या भरपाईविषयक कायद्याच्या नावात ‘वर्कमेन्स’ हे कानाला कळणारे अनेकवचन होते. २००९ च्या दुरुस्तीने लिंगभेद टाळण्यासाठी नवे नाव आले, त्यात ‘एम्प्लॉयी’ या शब्दाला ‘एस’पूर्वी चिन्ह दिले आहे, म्हणजे ते एकवचन आहे. १९५२ च्या भविष्यनिर्वाह निधीच्या कायद्यात मात्र त्याच शब्दाला ‘एस’नंतर चिन्ह होते. एका कायद्यात भरपाई एका कर्मचाऱ्याची, दुसऱ्यात निधी सर्व कर्मचाऱ्यांचा. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने दोन्ही विषय आपल्यात सामावून घेतले. बोलताना ही दोन्ही नावे सारखीच उच्चारली जात. भेद होता तो कागदावर.

६

मराठीत ही अडचण वेगळ्या जागी येते. ‘मुलाचा’ आणि ‘मुलांचा’ यांत फरक एका बिंदूचा, पण तो बिंदू उच्चारातही आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांना १९६२ मध्ये शासनमान्यता मिळाली, तेव्हा व्युत्पत्तीने सिद्ध होणारे पण न उच्चारले जाणारे अनुस्वार वगळण्यात आले. अनेकवचनी सामान्यरूपावरचा अनुस्वार मात्र कायम ठेवण्यात आला. डोळ्यांपुरत्या खुणा गेल्या, अर्थवाहक खूण राहिली. आपल्या बिंदूची संदिग्धता निराळी आहे. ‘केशवसुतांची कविता’ म्हणताना तो अनेकत्व सांगत नाही, आदर सांगतो. एक आणि अनेक यांतला भेद इंग्रजी कानाआड करते. एक आदरणीय आणि अनेक यांतला भेद मराठीत रूपावरून कळत नाही, संदर्भावरूनच कळतो.

अनुवादकाला या दोन व्यवस्थांमधून वाट काढावी लागते, आणि समीक्षेच्या परिभाषेत ही बाब केवळ व्याकरणाची राहत नाही. ‘रीडर-रिस्पॉन्स’ हा शब्द समास आहे. १९८० मध्ये जेन टॉम्पकिन्स यांनी संपादित केलेल्या संग्रहाने तो सर्वत्र रूढ केला. त्यात वाचक एक की अनेक, हे सांगितलेले नाही. ‘वाचक-प्रतिसाद’ असा समास करून मराठीत ते मोघम ठेवता येते. पण विवेचनाच्या ओघात समासाचा विग्रह करण्याची वेळ येतेच, आणि मग बिंदू द्यावा की न द्यावा याचा निर्णय करावा लागतो. ‘वाचकाचा प्रतिसाद’ म्हटले की आपण वोल्फगांग इझरच्या संहितेत अध्याहृत असलेल्या त्या एका वाचकाकडे झुकतो. ‘वाचकांचा प्रतिसाद’ म्हटले की स्टॅन्ली फिशच्या अर्थनिर्णायक समूहाकडे, नाहीतर सरळ वाचकांच्या सामाजिक पाहणीकडे. हा बिंदू आपण पुष्कळदा सहज देतो किंवा सहज गाळतो. त्यामुळे आपल्या लेखनात एकाच परिच्छेदात दोन भिन्न सिद्धान्त शेजारी येऊन बसतात, आणि त्यांच्यातील विरोध लेखकाच्या ध्यानातही येत नाही.

इंग्रजीतील अनेकवचनी षष्ठीचा इतिहास मराठी अभ्यासकाने पाहावा तो या कारणासाठी. दुसऱ्या भाषेतील पाट्यांवरची चिन्हे गळतात की राहतात, ही त्या भाषेची बाब आहे. मात्र त्या भाषेतील संहिता आपण ज्या आवृत्तीतून वाचतो, तीत एक आणि अनेक यांचा निवाडा बहुधा लेखकाचा नसून अठराव्या शतकानंतरच्या संपादकाचा असतो. तो निवाडा मराठीत आणताना आपण त्यावर बिंदूची मोहर उठवितो. म्हणून शेक्सपिअरचे किंवा त्याच्या समकालीनांचे भाषांतर करणाऱ्याने षष्ठी आली तेथे जुन्या मुद्रणाचे पान एकवार उघडून पाहिले पाहिजे. तेथे चिन्ह नसेल तर एक की अनेक हा निर्णय त्याचा स्वतःचा आहे, आणि त्याची जबाबदारीही त्याने स्वतःच्या नावावर घ्यावयास हवी.